गोळी घरी गेल्यावर काय होतं?

वाचकांचे प्रश्न : औषध व्यवसायातली सुरुवातीची वर्षं

ताई, सादर नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातली. गेल्या वर्षी बी.फार्म. झाले आणि आता जळगावात एका हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या मेडिकलमध्ये काम करते. शटर वर गेलं की चिठ्ठी घ्यायची, रॅकमधून स्ट्रिप काढायची, कात्रीने कापायची, बिल करायचं. रात्रीपर्यंत पाय भरून येतात. चार वर्षं जे शिकले त्यातलं काहीच इथे लागत नाही. आमच्याकडे जुने सेल्समन काका आहेत, बारावीपर्यंत शिकलेले. गिऱ्हाईक मला सोडून त्यांनाच विचारतं, डॉक्टरांकडचा फोनही त्यांनाच येतो. वर्गातल्या मैत्रिणी अंकलेश्वरला, हैदराबादला कंपन्यांत लागल्या. वडिलांनी कापसाच्या पैशांतून माझी फी भरली. ते काही बोलत नाहीत, पण आखाजीला घरी गेले तेव्हा आत्याने सगळ्यांसमोर विचारलं, "मेडिकलात बसायला एवढं शिकावं लागतं का?" मला उत्तर देता आलं नाही. एम.फार्म. करू, स्पर्धा परीक्षा देऊ, की हे सोडूनच देऊ? या कामात मला काही सापडेल का?

— एक वाचक, जळगाव

उत्तर

बेटा, आत्याच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण तुझ्या पत्रातली खरी कळ तिथे आहे. मेडिकलात बसायला एवढं शिकावं लागतं का? हो, लागतं. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमाप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध काढून देण्याचं काम नोंदणीकृत फार्मासिस्टचं आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी त्याच्या पुढचंही लिहून ठेवलं: औषध कशासाठी आहे, कसं घ्यायचं, कुठे ठेवायचं, एखादी वेळ चुकली तर काय करायचं, हे रुग्णाला समजावून सांगणं फार्मासिस्टचं कर्तव्य आहे. तू जिथे उभी आहेस ती जागा कायद्याने शिकलेल्या माणसासाठी राखलेली आहे. आत्याला एवढं सांगितलंस तरी पुष्कळ झालं.

पण कायद्याच्या कलमाने मन भरत नाही, हे मला कळतं. मी आधी सातपुड्याच्या पायथ्याशी प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी होते, नंतर बरीच वर्षं चोपड्यात काउंटरवर काढली. एवढ्या काळात ज्या एका प्रश्नाने माझं काम जिवंत ठेवलं, तोच तुझ्या हाती देते. गोळी घरी गेल्यावर काय होतं? डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, तू स्ट्रिप दिलीस, बिल झालं. त्यानंतर ती गोळी एका घरात जाते. त्या घरात फ्रिज असतो किंवा नसतो. वाचता येणारं माणूस घरी असतं किंवा केळीच्या बागेत मजुरीला गेलेलं असतं. औषधाचं बरंवाईट तिथे ठरतं, आणि त्या घराच्या अलीकडे औषधाचं शिकलेलं शेवटचं माणूस तू असतेस.

तुमच्या रॅकमध्ये मेथोट्रेक्सेट असेल. सांधेवातासाठी देतात, इवलीशी गोळी, आणि ती घ्यायची आठवड्यातून एकदाच. ज्या माणसाच्या बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या आहेत, ते माणूस घरी जाऊन हीसुद्धा रोज घेऊ लागतं. दुखणं वाढलं की दोन घेतं. मग आधी तोंड येतं, घास गिळवत नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात आणि माणूस दगावूही शकतं. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' नीट लिहिलेलं असतं, पण आजीला वाचता येत नाही आणि सोबतचा नातू गाडी चालू ठेवूनच आलेला असतो.

आमच्याकडे अशाच एक आजी यायच्या. मी वार ठरवून दिला, तो त्यांच्या लक्षात राहीना. मग विचारलं, तुमच्या गावचा बाजार कधी भरतो? तो मात्र त्यांनी झोपेतून उठवल्यावरही सांगितला असता. पाकिटावर ठळक लिहिलं, 'फक्त बाजाराच्या दिवशी', आणि अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून शेजारी बाजाराची पिशवी काढून दिली. त्रास कमी व्हावा म्हणून सोबत दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या पाकिटात, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेगळ्या दिवसाची. नातवाला बाजूला घेऊन सांगितलं, अंग दुखतंय म्हणून गावातून दुखण्याच्या गोळ्या परस्पर आणू नका, त्यातल्या काहींमुळे हे औषध शरीरात साचून राहतं, आधी विचारा. पुढच्या खेपेला उरलेल्या गोळ्या मोजल्या. मधे जेवढे बाजार गेले होते, तेवढ्याच वेळच्या गोळ्या कमी झाल्या होत्या.

आता तूच सांग, यात तुझं फार्माकॉलॉजी लागलं की नाही? औषध शरीरातून बाहेर कसं पडतं, ते कशाने अडतं, पेशींवर काय करतं, हे माहीत असल्याशिवाय बाजाराच्या पिशवीचं चित्र काढायचं सुचलंच नसतं.

इन्सुलिनचं तर खानदेशात वेगळंच आहे. पुस्तकात वाचलंस की न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची, आणि उघडलेली साधारण चार आठवडे बाहेर चालते. पण ते 'बाहेर' म्हणजे २५ ते ३० अंशांच्या आतलं. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याच्या घरात दुपारी काय होत असेल, वीज गेल्यावर काय होत असेल, याचा विचार कर. पुस्तकातलं वाक्य आणि ते पत्र्याचं घर यांना जोडून देणारं माणूस तूच. ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांना सांग: मोठं मातीचं भांडं घ्या, त्यात लहान मडकं ठेवा, दोन्हींच्या मधे वाळू भरून ती ओली ठेवा. बाटली पाणी न शिरणाऱ्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा आणि मडकं सावलीत, वारं लागेल असं. फ्रिजइतका गारवा मिळत नाही, पण पत्र्याच्या फळीपेक्षा ते कितीतरी बरं. ज्यांच्याकडे फ्रिज आहे त्यांना उलटं सांगावं लागतं. जास्त गार ते जास्त चांगलं असं समजून लोक बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवतात. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावरही वापरायचं नसतं.

आणि सिरिंज. आपल्याकडच्या बाटल्या बहुतेक एका मिलीलिटरला ४० युनिटच्या असतात, त्यांची सिरिंज लाल टोपीची. १०० युनिटवाल्याची नारिंगी टोपीची. १०० युनिटचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने दहाच्या रेघेपर्यंत ओढलं, तर पोटात जातात २५ युनिट. साखर एकदम उतरते, माणूस शुद्ध हरपतं. काउंटरवर दोन्ही खोकी शेजारी ठेवून 'सिरिंज द्या' म्हणणाऱ्याला 'कोणत्या बाटलीसाठी?' एवढंच विचारायची सवय लावून घे. त्या दोन शब्दांसाठी चार वर्षं शिकावी लागतात.

अशी यादी तुझी तुलाच वाढवता येईल. दम्याची रोटाकॅप्सूल, म्हणजे जिच्यातली पूड यंत्राने श्वासातून ओढायची असते ती, पाण्याबरोबर गिळून टाकणारे आजही भेटतात. क्षयाच्या औषधातल्या रिफाम्पिसिनमुळे लघवी लालसर-नारिंगी होते. हे आधी सांगितलं नाही तर रक्त जातंय म्हणून घाबरून माणूस औषध सोडतं, आणि अर्धवट सोडलेला क्षय पुढे नेहमीच्या औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीपासून काही तास लांब. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम करायचं, चिमूट चिमूट ग्लासात नाही. तळपत्या उन्हात कापसात किंवा केळीत राबून, पाणी कमी पिऊन, वर रोज दुखण्याची गोळी घेणाऱ्या मजुराच्या किडनीवर काय ताण येतो, हे तू शिकलेली आहेस. त्याला हे कोणीच सांगितलेलं नाही.

सेल्समन काकांबद्दल तुझ्या पत्रात थोडा सल दिसला. तो काढून टाक. गिऱ्हाईक त्यांना विचारतं कारण ते त्यांना ओळखतात. कोणत्या डॉक्टरांचं अक्षर कसं वळतं, कोणता ब्रँड बंद झाला, कोणत्या डिस्ट्रिब्युटरकडे माल संध्याकाळपर्यंत मिळेल, शॉर्ट एक्स्पायरीचा माल कधी परत करायचा, हे सगळं त्यांच्याकडून शीक. मनापासून शीक, कारण पहिल्या वर्षात हाताला रॅक माहीत झाल्याशिवाय तोंडाला बोलायला सवड मिळत नाही. एकदा डोळे मिटून स्ट्रिप काढता आली की तुझी नजर चिठ्ठीवरून वर उठून माणसाच्या चेहऱ्याकडे जाईल. काकांनाही तुझ्याकडून घेण्यासारखं आहे. सारख्या दिसणाऱ्या दोन नावांत काय फरक, हे त्यांना सांग. चांगली माणसं असतील तर ते स्वतःच म्हणतील, "थांबा, हे ताईंना विचारा."

ओपीडी सुटल्यावर काउंटरवर कशी झुंबड उडते ते मला ठाऊक आहे. सगळ्यांशी बोलणं जमणार नाही, आणि तसा हट्टही करू नकोस. औषध पहिल्यांदा घेणारा, इंजेक्शन किंवा इनहेलर नेणारा, लहान मुलाचं औषध नेणारी आई आणि पिशवीभर गोळ्या असलेलं म्हातारं माणूस, एवढ्यांना अर्धा मिनिट दे. शेवटी एक विचार, "आता मला सांगा, घरी गेल्यावर कसं घेणार?" 'समजलं का?' असं विचारलंस तर प्रत्येक जण मान डोलावतो. सांगायला लावलंस की गडबड कुठे आहे ते लगेच दिसतं.

आणि त्यांच्या बोलीत विचार. तू अमळनेरची आहेस, तुझ्या घरात अहिराणी आहे. हॉस्पिटलच्या काउंटरवर ती बाजूला ठेवू नकोस. "काय व्हई राहिनं, माय?" असं विचारल्यावर जी बाई डॉक्टरांसमोर 'बरं आहे' म्हणून उठली होती, ती तुझ्यापाशी म्हणेल, "गोया खाद्या का पोट दुखस." तिथे तुला कळेल की ती गोळी उपाशीपोटी घेतेय. पाड्यांवरून येणाऱ्यांसाठी त्यांच्या पावरी बोलीतले सकाळ, संध्याकाळ, जेवणाआधी, जेवणानंतर एवढे शब्द तरी पाठ करून ठेव. मी ते आरोग्य केंद्रातल्या आशाताईंकडून शिकले. त्या भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांच्यासाठी पाणी भरपूर पिणं आणि औषध न चुकवणं किती मोलाचं आहे, हे त्यांच्याच भाषेत ऐकलं की त्यांना पटतं.

डॉक्टरांना फोन करायला घाबरू नकोस. चिठ्ठीत शंका आली तर रुग्णासमोर तोंड वाकडं करायचं नाही, बाजूला जाऊन फोन लावायचा आणि थेट सांगायचं: "सर, मी खालच्या मेडिकलमधून फार्मासिस्ट बोलतेय. अमुक रुग्णाला आधीपासून हे औषध चालू आहे, आज हे नवीन लिहिलंय. दोन्ही एकत्र देऊ ना?" चूक दाखवायची नाही, माहिती द्यायची. काही डॉक्टर पहिल्यांदा तुटक बोलतील. शंका खरी निघाली की पुढच्या वेळी तेच तुझं नाव विचारतील. काकांना येणारा फोन तुला येऊ लागण्याचा रस्ता हा आहे, दुसरा मला माहीत नाही.

एक वही ठेव. दिवसभरात ज्याचं उत्तर देता आलं नाही असं एक औषध रात्री तीत लिही आणि शोध. इंडियन फार्माकोपिया कमिशनची 'नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया' मिळव. एमआरने, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीने, दिलेल्या गुळगुळीत पत्रकापेक्षा ती शंभर पटींनी भरवशाची. औषधाने कोणाला अंगावर चट्टे उठले, सूज आली, चक्कर आली असं काउंटरवर कळलं, तर ते ऐकून सोडून देऊ नकोस. आधी डॉक्टरांना कळव, आणि भारतीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे नोंद कर. २०१० मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला, त्याचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादला आहे, १८००-१८०-३०२४ हा त्यांचा मोफत क्रमांक. एखादं औषध आपल्या लोकांना कसं झेपतं, हे देशाला अशाच नोंदींतून कळतं, आणि खानदेशातल्या काउंटरवरून जाणारी नोंद तिथे तेवढ्याच मोलाची असते.

शेड्यूल एच-वनचं, म्हणजे काही अँटिबायोटिकसारख्या जपून द्यायच्या औषधांच्या सरकारी यादीचं, रजिस्टर तुझ्याकडे मागून घे. १ मार्च २०१४ पासून ते लागू आहे: डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं, सगळं लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. बऱ्याच ठिकाणी ते रात्री एकदम भरून टाकतात. तू जागच्या जागी भर. सेफिक्झीमसारखी अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मागणारा आला, 'दोनच गोळ्या द्या' म्हणाला, की तुला नाही म्हणावं लागेल आणि का नाही तेही सांगावं लागेल. त्यावर मालकांची नाराजी ओढवली तर शांतपणे बोलून बघ. तरीही रोज नियम मोडायला लावत असतील तर ती जागा सोड, आणि अपराधी वाटून घेऊ नकोस. काम चांगलं आहे म्हणून दुकान चांगलं असतंच असं नाही.

आता पुढचं. पगार मोठा नाही, आणि वडिलांच्या कापसाची किंमत तुझ्या डोक्यावर आहे, हे मी विसरलेले नाही. म्हणून पगाराबद्दल बोलायला लाजू नकोस. इनहेलर आणि इन्सुलिन शिकवण्यासाठी काउंटरचा एक कोपरा माग, त्यामुळे किती रुग्ण पुन्हा तुमच्याचकडे येतात ते मालकांना दिसू दे, आणि मग वाढ माग.

'गोळी घरी गेल्यावर काय होतं?' या प्रश्नासकट एक वर्ष काम कर आणि मग ठरव. माझं स्पष्ट मत सांगते: काउंटरला कंटाळून एम.फार्म.ला पळू नकोस. तिथेही दोन वर्षांनी 'या कामात मला काही सापडेल का?' हाच प्रश्न समोर उभा राहील. पण रुग्णाशी बोलताना तुला खरंच रस वाटू लागला, तर बी.फार्म.नंतर तीन वर्षांचा फार्म.डी. करता येतो, किंवा जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन फार्मसी प्रॅक्टिसमध्ये एम.फार्म. मग वॉर्डात डॉक्टरांबरोबर फिरण्याचं काम मिळू शकतं. रजिस्टर, नियम, साठा यांत मन रमलं तर औषध निरीक्षकाच्या परीक्षेकडे बघ. जाहिरातीतली पात्रता आणि अनुभवाची अट मात्र अक्षर न् अक्षर वाच. गावाकडे राहायचं असेल तर जिल्हा परिषदेची औषध निर्माण अधिकाऱ्याची जागा चांगली. पाड्यांवरच्या दवाखान्यात तुझ्या अहिराणीचं सोनं होईल. कंपनीत गेलेल्या मैत्रिणींशी संबंध तोडू नकोस. त्या गोळी बनवताना बघतात, तू ती घेणारं माणूस बघतेस. आठवड्याला एकदा फोनवर बोला, दोघींचंही ज्ञान वाढेल.

कोणता रस्ता तुझा, ते ती वहीच सांगेल. सहा महिन्यांनी मागची पानं उलट. सगळ्यात जास्त प्रश्न ज्या विषयाचे लिहिलेस, त्याचं नाव मला कळव. पुढचं त्यावर बोलू.

नमस्कार ताई.

मी शिरपूर तालुक्यातला शेतकरी. मुलगी डी.फार्म. झाली, नोंदणीही झाली. ओळखीतल्या एकाने मेडिकल टाकलंय. तो म्हणतो, पोरीचं सर्टिफिकेट दुकानात लावू द्या, दर महिन्याला पैसे देतो, तिला यायची गरज नाही. घरात पैशांची ओढाताण आहे. द्यावं का?

— एक पालक

उत्तर

भाऊ, देऊ नका. ओढाताण आहे हे समजतं, तरीही देऊ नका. त्या दुकानातून चिठ्ठीवरची जी गोळी जाईल तिला तुमची मुलगी जबाबदार धरली जाईल, आणि ती गोळी तिने पाहिलेलीही नसेल. झोपेच्या गोळ्या, गर्भपाताच्या गोळ्या कुणीही कुणालाही दिल्या आणि चौकशी आली, तर भिंतीवर नाव तिचं असेल. नोंदणी रद्द होऊ शकते, म्हणजे दोन वर्षांचं शिक्षण गेलं. शिवाय नाव एका दुकानावर अडकलं की दुसरीकडे फार्मासिस्ट म्हणून रीतसर कामाला लागणं अडतं. ज्या वर्षांत ती शिकली असती, ती वर्षं घरी बसून जातील.

त्या गृहस्थाला उलट विचारा: मुलगी रोज येऊन काम करेल, पगार काय द्याल? तो तयार झाला तर नेमणुकीचं पत्र लेखी घ्या आणि पहिल्या दिवसापासून तिला काउंटरवर उभं राहू द्या. तयार नसेल तर शिरपूर-धुळ्यात हॉस्पिटलांच्या मेडिकलमध्ये चौकशी करा. आणि कागद आधीच देऊन बसला असाल, तर मुलीच्या सहीने धुळ्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात सहायक आयुक्तांच्या नावे अर्ज द्या, की अमुक तारखेपासून मी या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करत नाही. मूळ सर्टिफिकेट परत आणा आणि अर्जाच्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का मारून पोच घ्या.